तुमच्या अर्ध्यातलं पाणी

मामा,

तुमच्या दहाव्याला घाटावर बरीच भाषणं झाली. गावात पहिला ट्रॅक्टर आणणारा माणूस, असं प्रत्येकजण म्हणाला. एकानं तर सांगितलं, रंगनाथरावांनी सुनेवर पोटच्या लेकीसारखी माया केली. तेव्हा सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी पदर तोंडाला लावून बसले होते. त्यांना वाटलं मी रडतेय. मी मनात म्हणत होते, यातल्या निम्म्या लोकांनी मला भर दुपारी तुमच्या ट्रॅक्टरपुढं उभं राहिलेलं बघितलंय, आणि आज ते कुणाच्याही तोंडून निघणार नाही.

म्हणून मी लिहितेय. तुमच्याशी भांडणं ही काही झाकून ठेवायची गोष्ट नव्हती. आपल्या दोघांत जे खरं होतं ते सगळं त्या भांडणातच होतं.

मी शहरातली, मुकुंदवाडीची. स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर, वडील सुतार. लग्न होऊन आले तेव्हा कपाशीचं रोप आणि अंबाडीचं रोप मला एकसारखंच दिसायचं. तुमचा प्रकाश वाळूजला कंपनीत, आमचा संसार गारखेड्यात. देवगावला यायचं ते सणासुदीला. मग आत्याबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि मी एका हंगामापुरती इथं आले. पोरगी शिकायला पुण्याला गेलेली, प्रकाश दोन्हीकडं ये-जा करायला तयार. त्या एका हंगामाचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

शेती मला तुम्हीच शिकवलीत. गावातल्या माणसांनी तोंडं वाकडी केली तरी तुम्ही मला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलंत. "शहरातली हाय, स्कुटी चालवती. ह्याला एक चाक जास्त, बस." एक नव्हे, दोन जास्त होती, पण तुमचा हिशेब मला तेव्हा धीर देऊन गेला. कुठल्या वावरात पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं, हे तुम्ही मला पावसात पोत्याची खोळ घेऊन फिरवून दाखवलंत. "माणसाचं तोंड बघून त्याचं मन कळत नाय, सूनबाई. पण पाणी खोटं बोलत नाय," असं म्हणायचात. नंतर मी तेच वाक्य तुमच्यावर उलटवलं, त्याचा तुम्हाला केवढा राग आला होता!

ट्रॅक्टर तुमच्यासाठी काय होता, हे मला उशिरा कळलं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात. पुढं वाढलात ते बैलांच्या मागं. मोठ्या दुष्काळात दावणीचे दोन्ही बैल बाजारात नेऊन सोडले, आणि पुढच्या पेरणीला तुमच्या वडिलांनी आणि तुम्ही खांद्यावर जू घेतलं. ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आत्याबाईंनी सांगितलं. तुमच्या उजव्या खांद्यावरचा तो घट्टा मी रोज बघायचे आणि मला वाटायचं, जन्मापासूनचा असेल. त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही ट्रॅक्टर आणलात, तेव्हा सगळ्या शिवारातल्या लोकांनी त्याला हळदीकुंकू लावलं. तुमच्यासाठी ते नुसतं लोखंड नव्हतं. खांद्यावरचं जू त्यानं उतरवलं होतं.

हे सगळं माहीत असूनही मी तुमच्या विरोधात गेले. कारण कडूबा तात्यांची अद्रक सडली.

तुमचं वावर वर, त्यांचं खाली, मधे बांध. लहानपणी एका विहिरीत पोहायला शिकलेले तुम्ही दोघं. ते तुम्हाला रंग्या म्हणायचे, तुम्ही त्यांना कडू. रोज संध्याकाळी त्या बांधावर बसून तंबाखू मळायची आणि सरकारपासून जावयापर्यंत सगळ्यांना शिव्या द्यायच्या, हा तुमचा नेम. त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लागला. मोठा होता, पण असा पाऊस पूर्वीही पडत होता. पूर्वी वावरात मुरायचा. त्या दिवशी मी बघितलं, आपल्या कपाशीत पाणी मुरतच नव्हतं. वरची माती ट्रॅक्टरमागच्या रोटरच्या फिरत्या पात्यांनी पिठासारखी बारीक झालेली, तिच्यावर पपडी धरलेली, आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन्ही चाकोऱ्यांतून गढूळ पाणी ओढ्यासारखं पळत होतं. त्यानं बांध फोडला. कडूबा तात्यांच्या अद्रकीत गुडघाभर पाणी तुंबलं, आणि पुढच्या पंधरवड्यात सगळ्या प्लॉटला सड लागली.

ते बांधावर आले तेव्हा त्यांच्या हातात सडलेला एक कंद होता. त्यांनी तो तुमच्या पायाशी टाकला.

"हे बघ रंग्या. तुझ्या ट्रॅक्टरनं माझी अद्रक खाल्ली."

"पाऊस मी पाडला का?"

"पाऊस देवानं पाडला. पण त्याला माझ्याकडं हाकलला तू! तो रोटर लावून लावून रान काँक्रीट केलंस."

"तुझ्या वावरात नाली नाय काढायची अन् मला बोलायचं? बांध तुझा बी हाय. तू काहून नाय धरला?"

"तोंड सांभाळ."

"तू सांभाळ. उभ्या जिंदगीत एक ट्रॅक्टर घेता आला नाय, म्हणून जळतोस."

त्यावर कडूबा तात्यांनी फावडं उचललं. मारायला उचललं की फुटलेल्या बांधावर माती ओढायला, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही मात्र छाती पुढं काढून उभे राहिलात. मी मधे शिरले. मग त्यांनी फावडं टाकलं आणि म्हणाले, "आजपासून तुझा माझा रामराम नाय." त्या दिवसापासून संध्याकाळी तो बांध रिकामा राहिला.

तुम्ही घरी येऊन जेवलात, पण ताटातली भाकरी नुसती कुस्करत होतात. मी विचारलं, "मामा, पाणी मुरलं का नाही?" तुम्ही म्हणालात, "पाऊस लई होता." मी म्हटलं, "पाणी खोटं बोलत नाही, तुम्हीच सांगितलंय." तुम्ही ताट सरकवून उठलात.

दिवाळीनंतर कपाशीतली तूर वाळायला लागली. शेंगा भरायच्या आधीच पानं पिवळी. मी कुदळ घेऊन एका तुरीच्या बुडाशी खणायला बसले. वरची वीतभर माती हाताने निघत होती. त्याच्या खाली कुदळ ठणकन वाजली. दगड नव्हता तो. काळी मातीच होती, पण दाबून दाबून फरशीसारखी झालेली. तुरीचं सोटमूळ तिथपर्यंत सरळ गेलं होतं आणि मग काटकोनात वळून आडवं पसरलं होतं, बंद दारापुढं बाजूला सरकून उभं राहणाऱ्या माणसासारखं. थराच्या खाली ओल होती. मुळाला तिथं पोचताच आलं नव्हतं. पाणी वरून खाली जात नव्हतं, आणि मूळ खालच्या पाण्याकडं जात नव्हतं.

"काय करायलीस खड्ड्यात?" तुम्ही मागं येऊन उभे राहिला होतात.

मी ते मूळ तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते फिरवून फिरवून बघितलंत. मी म्हटलं, "रोटरचं पातं दरवर्षी याच खोलीवर फिरतं. वर पीठ करतं, खाली थापी मारतं. त्यावरून ओल्यात ट्रॅक्टर जातो. असा थर बसलाय सगळीकडं."

"उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात या रानात. पाणी जात नाय म्हणतीस?"

"पहिल्या सरीत त्या मिटतात, मामा. वरचं पीठ आत जाऊन बसतं."

"तूर वाकडी हाय म्हणून ट्रॅक्टर वाईट. बरं. मग कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या कोण उपटील? तू?"

मी कुदळ खाली ठेवली. तेव्हा तुम्ही आवाज दिलात, "अगं ए, इकडं ये. हिला हात दाखव तुझे."

आत्याबाई काठी टेकत आल्या. त्यांनी तळहात पुढं केले नाहीत. उलट माझ्यावर डोळे रोखून म्हणाल्या, "मशिनीला माझ्यापुढं नावं ठेवू नको, मीना. मार्च महिन्यात वाळल्या पऱ्हाट्या हातानं उपटल्यात मी. पोटात प्रकाश होता तरी उपटल्यात. रोटर आला अन् एका दिवसात सगळं रान मोकळं. त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला व्हता."

तो दिवस माझा हरण्याचा होता. मी खड्डा बुजवून टाकला. पण ते मूळ तुम्ही फेकलं नाहीत, गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलंत. का ठेवलंत, हे मी कधी विचारलं नाही.

मग पुढचा जून आला. चांगला पाऊस होऊन गेला, तण उगवलं, आणि सगळ्या शिवारात ट्रॅक्टर निघाले. रोटर मारायचा, सरी पाडायची, कपाशी टोकायची. सगळ्यांना घाई. मी सकाळी वावरात जाऊन मातीचा गोळा केला. तो फुटेना, हाताला चिकटला. वाफसा नव्हता. अजून दोन दिवस ऊन हवं होतं. मी घरी येऊन सांगितलं. तुम्ही चहा पीत होतात, ऐकल्यासारखं केलंत. दुपारी ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मी धावत निघाले.

वावराच्या तोंडाशीच मी तुम्हाला गाठलं आणि पुढं जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो."

"मामा, वाफसा नाही. आज चाक आत गेलं तर तोच थर आणखी दाबला जाईल."

"बाजूला हो म्हणलं. शेजारी सगळे पेरायले."

"पेरू देत."

"मीनाक्षी!"

पूर्ण नावानं तुम्ही पहिल्यांदाच हाक मारलीत. शेजारच्या वावरातल्या बाया कामं टाकून बघायला लागल्या. रस्त्यावरून जाणारे दोघं मोटारसायकल थांबवून उभे राहिले. खाली बांधाच्या पलीकडं कडूबा तात्या उभे होते. तेही बघत होते. तुम्ही क्लच सोडलात. ट्रॅक्टर हळूहळू पुढं आला. मला त्याच्या तोंडाची ऊब लागली. मला खरंच वाटलं, तुम्ही थांबणार नाही. माझे पाय मातीत रुतले होते. हलायचं म्हटलं असतं तरी मला हलता आलं नसतं. पदर उडून इंजिनवर जाईल म्हणून मी तो मुठीत धरला.

तुम्ही थांबलात. इंजिन चालूच ठेवून खाली उतरलात आणि घराकडं निघून गेलात. ट्रॅक्टर तिथं धडधडत राहिला. तो बंद मी केला. आवाज थांबल्यावर सगळं शिवार माझ्याकडं बघत होतं आणि मला तुमच्या पाठमोऱ्या सदऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस आपण आत्याबाईंमार्फत बोललो. "तिला सांग, बियाणं आणायचंय." "त्यांना सांगा, आणलंय." प्रकाश सुट्टीला आला तेव्हा त्यानं दोघांकडं बघितलं आणि चार घास खाऊन शहराकडं परत गेला. आणि मामा, आभाळानं तुमची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी झड लागली ती सुटेना. वाफसा यायचाच नाही. सगळ्यांच्या कपाश्या वर आल्या तेव्हा आपलं रान तणानं हिरवं होतं. टोकणी उशिरा झाली आणि कापूस निम्म्यानं आला. गावात माझं हसं झालं. तुम्ही मात्र हसला नाहीत. एवढंच म्हणालात, "वाफसा बघायला शिकलीस. आभाळ बघायला शीक." हे तुम्ही थेट माझ्याशी बोललात, आत्याबाईंना मधे न घेता. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं, आणि बरंही वाटलं.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही जे केलंत त्याचा मला अजून उलगडा होत नाही. चैत्रात एक दिवस सकाळी तुम्ही कन्नडहून एक अवजार भाड्यानं घेऊन आलात. एकच लांब दाता, हातभर खोल जाऊन खालचा थर फोडणारा. सबसॉयलर. मी कधीतरी त्याचं नाव काढलं होतं. तुम्ही तेव्हा तोंड फिरवलं होतं.

"अर्धं रान तुझं, अर्धं माझं," तुम्ही म्हणालात. "तुझ्या अर्ध्यात तू म्हणशील तसं. माझ्या अर्ध्यात रोटर. पावसाला ठरवू दे."

"सबसॉयलर मी चालवते, मामा."

"तुला नाय जमायचं. करायचं तर धड करू."

आणि तळपत्या उन्हात, कोरड्या रानात, माझ्या अर्ध्यात तुम्ही स्वतः तो दाता ओढलात. ट्रॅक्टर पुढून उचलला जात होता, इंजिन ओरडत होतं, आणि खालून त्या फरशीची ढेकळं वर येत होती. एक ढेकूळ हातात घेऊन तुम्ही ते फोडायला गेलात. फुटेना. दगडावर आपटलंत तेव्हा तुटलं. मग परत सीटवर बसलात, संध्याकाळपर्यंत चालवत राहिलात, आणि त्या दिवशी तुमच्या छातीत पहिल्यांदा कळ आली. तुम्ही ती लपवलीत. उन्हाची कळ म्हणालात.

माझ्या अर्ध्यात मी पऱ्हाट्यांचा बारीक भुगा करून तसाच पसरला. बैल भाड्यानं आणून वखराच्या पाळ्या घातल्या. ढेकळं तशीच राहिली. लोक म्हणाले, हे काय रान आहे का खाण? तुमचं अर्धं मात्र परटाच्या चादरीसारखं साफ दिसत होतं. तुम्ही रोज बघायचात आणि मिशीत हसायचात.

पोळा झाला आणि तुम्ही दवाखान्यात गेलात. शहरात. आत्याबाई आणि प्रकाश तुमच्यापाशी, मी इथं. आणि मग तो पाऊस आला. सकाळी सुरू झाला आणि दुपारपर्यंत थांबला नाही. मी वावरात उभी होते. माझ्या अर्ध्यात पाणी दिसत होतं आणि दिसेनासं होत होतं. ढेकळांच्या मधे साचायचं, मग फुगे यायचे, आणि खाली जायचं. बांधापाशी आलं ते स्वच्छ, सावकाश. तुमच्या अर्ध्यातून मात्र तेच गढूळ पाणी चाकोऱ्यांतून धावत होतं.

फोन वाजला. प्रकाशचा नंबर, पण आवाज तुमचा. बसका झालेला.

"पाणी कसंय?"

"पाऊस मोठा आहे, मामा."

"खरं सांग."

"माझ्या अर्ध्यात मुरलं, मामा. तुमच्या अर्ध्यातून पळतंय."

तुमचा श्वास मला ऐकू येत होता, पावसातसुद्धा. मग तुम्ही विचारलंत, "कडूकडं गेलं का?"

माझ्या अर्ध्याचं काय, तुमच्या अर्ध्याचं काय, यातलं काहीच नाही. "कडूकडं गेलं का?"

मी धावले. बांध भिजून फुगला होता, एका ठिकाणी तडा गेला होता. पलीकडं कडूबा तात्या पावसात उघड्या डोक्यानं फावड्यानं माती ओढत होते. मी अलीकडून ओढायला लागले. तडा बुजला, पाणी बांधाच्या कडेनं ओढ्याकडं वळलं, आणि मग त्यांनी फावडं टेकवून विचारलं, "रंग्या कसा हाय?"

"तुमच्याकडं पाणी गेलं का, असं विचारायलेत."

त्यांनी चेहरा पुसला. "दवाखान्यात गेला तेव्हा मला कुणी सांगितलं नाय."

"गावात सगळ्यांना माहीत होतं, तात्या."

"माहीत व्हतं. पण सांगितलं नाय."

"मी सांगते. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही शहरात आलो. रस्ताभर ते खिडकीतून दुसऱ्यांची रानं बघत होते आणि प्रत्येक तुंबलेल्या वावराला नावं ठेवत होते. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मात्र त्यांनी माझा हात धरला. खोलीत गेल्यावर तुम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं आता रडणं होईल. तुम्ही म्हणालात, "बांध धरायला काय झालतं तुला? माझी सून नसती तर परत अद्रक गेली असती."

"तुझ्या बांधाला बूडच नाय. तुझ्या आज्यानं घातलाय तो, तेव्हापासून कच्चा."

"माझ्या आज्याचं नाव घेऊ नको."

"घेईन. त्यानंच पाण्याची वाट बुजवली."

आवाज इतका चढला की सिस्टर धावत आली आणि तिनं कडूबा तात्यांना बाहेर काढलं. ते दारात उभे राहून डोळे पुसत हसत होते. मला तुमच्या तोंडावर त्या दिवशी जो रंग दिसला तो महिनाभरात दिसला नव्हता. नंतर ते परत आत गेले. तुम्ही मला बाहेर थांबायला सांगितलंत. तुमच्यात काय बोलणं झालं, हे ना तुम्ही सांगितलंत, ना ते सांगतात.

संध्याकाळी मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तू जिंकली असं समजू नको."

"नाही समजत."

"तुझ्या अर्ध्यात पाणी मुरलं, व्हय. पण ती फरशी फोडली कुणी? माझ्या ट्रॅक्टरनं. तुझ्या बैलानं फुटली असती का?"

तुम्ही मिशीत हसलात. ते आपलं शेवटचं बोलणं. पहाटेच तुम्ही गेलात.

उत्तर मला सुचलं ते तुम्हाला घरी आणताना, गाडीत, तुमच्या पायांपाशी बसलेली असताना. मामा, फोडली तुमच्या ट्रॅक्टरनं, खरंय. पण फोडलेलं उघडं राहिलं ते नंतर ओल्या रानात ट्रॅक्टर गेला नाही म्हणून. हे उत्तर चांगलं आहे ना? यावर तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी रोज विचार करते. काहीतरी म्हणाला असताच, आणि तेही बरोबर असतं.

आता मला कुणी विरोध करत नाही. प्रकाश म्हणतो, तू म्हणशील तसं करू, वाटल्यास ट्रॅक्टर विकू. मी नाही म्हटलं. त्यावर आत्याबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि उठून त्याच्या बॉनेटवरची धूळ पदरानं पुसली. गावातल्या चार जणांनी सबसॉयलरसाठी विचारलं. सगळे माना डोलावतात. मला भीती वाटते, मामा. तुम्ही समोर असताना मला नेमकं काय म्हणायचंय ते मला कळायचं. आता मी काहीही बोलले तरी ते खपून जातं, आणि एखाद्या दिवशी मी चुकेन तेव्हा इंजिन चालू ठेवून माझ्यापुढं येऊन थांबणारं कुणी नसेल.

तेरावा झाल्यावर कडूबा तात्या आले. म्हणाले, बांधात पाण्याला रीतसर वाट काढायची. दोन्हीकडच्या जादा पाण्यानं दगडी सांडव्यावरून ओढ्यात जायचं, म्हणजे ना आपली माती जायची ना त्यांचं पीक. हे तुम्ही दोघांनी चाळीस वर्षं केलं नाही, कारण त्यासाठी दोघांनाही थोडी थोडी जागा सोडावी लागली असती. मी आमची सोडली, त्यांनी त्यांची. काल सकाळपासून आम्ही दगड लावत होतो. मी उचलून द्यायचे, ते बसवायचे.

दुपारपर्यंत अख्खी ओळ पुरी झाली. मला चांगली वाटली. तात्या उठले, मागं सरकले, डोळे बारीक करून बघत राहिले. मग खाली वाकले आणि पहिल्यापासून सगळे दगड उपसायला लागले.

"काय झालं, तात्या? चांगली तर बसलीय."

"उतार चुकलाय. रंग्यानं शिव्या घातल्या असत्या," ते म्हणाले. "नाय चालायचं त्याला असलं."

मी पदर कमरेला खोचला आणि पहिला दगड परत त्यांच्या हातात दिला.